डोहाचे बासष्ट दिवस

कार्यालयात तिला सरासरीबाई म्हणत. कुणी विचारले, कशा आहात, तर ती म्हणायची, "सरासरी बरी." पहिल्यांदा ती हे गमतीने म्हणाली असेल, मग सवय झाली, आणि सवयीचे नाव झाले. पन्नाशीला दोन वर्षे कमी, उंच, किंचित वाकून चालणारी, चष्मा केसांत अडकवून टेबलावर शोधत बसणारी बाई. तिचे काम पाण्याच्या आकड्यांचे. नदी कोणत्या वर्षी किती आटली, कोणत्या वर्षी किती फुगली, आणि नदीकाठची पाणथळ, म्हणजे लव्हाळी, मासे, पाणकोंबड्या, चिखलातल्या गोगलगायी यांचा तो सगळा ओला संसार, त्यात कितीदा मोडला आणि कितीदा पुन्हा उभा राहिला, हे ती चाळीस वर्षांच्या नोंदींतून शोधत होती. त्याला सहा वर्षे झाली होती.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीतून नदी दिसत नसे. दिसायची समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे गंजके पाइप. नदी तिच्यासमोर यायची ती रकान्यांतून. तारीख, वेळ, सेंटिमीटर. महिनोन्‌महिने नदीकाठी पाऊल न टाकता ती नदीविषयी तासभर बोलू शकत असे. याचा तिला कधी अभिमान वाटे, कधी दुसरेच काहीतरी, ज्याला तिने नाव दिले नव्हते.

आता अहवाल पुरा झाला होता. समितीकडे प्रती गेल्या होत्या आणि गुरुवारी बैठक होती. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात खालच्या गल्ल्यांत कमरेइतके पाणी शिरले, तेव्हापासून नदी सरळ करून नवा बांध घालायचे चालले होते. त्या सरळ रेषेत, पाणथळीच्या जरा वरच्या अंगाला, एका वळणावर एक डोह येत होता. तो दगडमातीने बुजवायचा. बुजवायला हरकत आहे का, याविषयी तिच्या अहवालात एकच वाक्य होते: डोहाचा पाणथळीच्या टिकण्याशी संबंध आढळत नाही.

वाक्य लिहायला एक दुपार लागली होती. त्याच्यामागे मात्र ती सहा वर्षे होती. चाळीस वर्षांतल्या सर्वांत कोरड्या वर्षीसुद्धा पाणथळीच्या तोंडाशी नदी वाहत राहिली होती. तिथल्या मोजपट्टीचे रोज सकाळी आठचे आकडे नोंदवहीत होते. कमी होते, पण होते. नदी वाहिली म्हणून पाणथळ जगली. मग डोह असला काय आणि नसला काय.

साहेबांना चाळीस वर्षांचा तो आलेख बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावायचा होता. छापून आलेली दीड मीटरची गुंडाळी, वर चाळीस वर्षे आणि खाली सर्वांत कोरडे वर्ष मोठे करून, ती सोमवारी संध्याकाळी कडा कापायला घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. कोपऱ्यांवर मिठाची बरणी, दोन वाट्या आणि नवऱ्याचा पाना. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो हात पुसत आला आणि टेबलाकडे पाहत उभा राहिला.

"जेवायचं कशावर?"

"ठेव ताट नदीवर. सांडू नकोस फक्त."

त्याने ताट ठेवले नाही. वाकून पाहू लागला. बोटाने रेघेवरून जात जात एका जागी थांबला.

"इथं काय झालंय गं? पाणी उतरतंय की लिफ्ट?"

"कुठे?"

"हे बघ. सगळीकडे कसं थरथरल्यासारखं, वरखाली. आणि इथं एका चालीनं सरळ खाली. आमच्या नव्या लिफ्टसुद्धा इतक्या शहाण्यासारख्या उतरत नाहीत."

ती हसली. मग हसू तसेच तोंडावर ठेवून उठली आणि कपाटातून फूटपट्टी घेऊन आली. पट्टी तिने त्या तुकड्यावर ठेवली. रेघ पट्टीच्या कडेला शेवटपर्यंत चिकटून राहिली. पडद्यावर हा तुकडा नखाएवढा दिसायचा. सहा वर्षे तो नखाएवढाच होता.

वाहते पाणी असे उतरत नाही. ते आधी भराभर उतरते, मग रेंगाळते. वर कुठे एखादी सर पडली की जरा चढते, पुन्हा उतरते. रोज सारख्या चालीने उतरते ते साचलेले पाणी. त्याला जायला उन्हाखेरीज वाट नसते.

"काय झालं?"

"काही नाही. तू जेव."

"लिफ्ट मध्येच अडकते ना, तेव्हा आतली माणसं असंच सांगतात. काही नाही म्हणून."

तिने दिवस मोजले. बासष्ट. एक्केचाळीस सेंटिमीटरपासून तीनपर्यंत.

*

त्या काळच्या प्रत्येक पानाखाली एकच सही होती, डावीकडे कललेली, उन्हातान्हात कधीही न बदलणारी. मोजपट्टी वाचणाऱ्याची. सहा वर्षांत त्या सहीइतका भरवसा तिने दुसऱ्या कशावर ठेवला नव्हता, आणि ती सही करणारा माणूस जिवंत आहे की नाही हे तिने कधी विचारले नव्हते. मंगळवारी सकाळी निवृत्तिवेतन विभागातल्या कारकुनाने पत्ता काढून दिला. बसने अर्धा तास. इतका जवळ.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुनेने उघडले. गळ्यात टेप, दातांत टाचणी. मागे शिलाई मशीनवर निळ्या पडद्याचे कापड अर्धे वर, अर्धे जमिनीवर. तिने टाचणी काढून नीट विचारपूस केली आणि आत आवाज दिला, "मामंजी, तुमच्या खात्यातल्या बाई आल्यात."

म्हातारा खिडकीशी बसला होता. ऐंशीच्या पुढचा, खांदे मात्र अजून रुंद. समोर छोट्या टेबलावर रक्तदाब मोजायचे यंत्र, एक घड्याळ आणि एक वही. वहीतल्या रेघा पट्टीने आखलेल्या.

"चौतीस वर्षं," तो म्हणाला. तिने काही विचारायच्या आत. "रोज आठ वाजता. एक दिवस चुकलो असेन तर दाखवा."

"अजून सुटलेलं नाही ते," सून पाणी देत म्हणाली. "आता नदी नाही तर स्वतःला मोजतात. आठ म्हणजे आठ. मागच्या महिन्यात चार दिवस लेकीकडे गेले, यंत्र इथंच राहिलं, तर मला फोनवर फर्मान. आठ वाजता तुझं घे आणि लिही, रकाना रिकामा राहायला नको."

"मग काय चुकलं?" म्हातारा म्हणाला.

"नाही हो, माझं काय चुकणार. मी लिहिलं."

सरासरीबाईंनी ग्लास खाली ठेवला. वही समोरच उघडी होती आणि तिची नजर सवयीने रकान्यावरून खाली उतरली. एकशे बत्तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. मग चार दिवस एकशे अडुसष्ट, चौसष्ट, बहात्तर, सहासष्ट. मग पुन्हा एकशे एकोणतीस.

"वहिनी, हे चार दिवस तुमचे?"

"हो. डॉक्टर म्हणाले, यांचं मध्येच फार वाढतंय, गोळी वाढवा. मी म्हटलं, लेकीकडं गोड जास्त खाल्लं असेल."

म्हातारा खिडकीबाहेर पाहू लागला. सुनेच्या हातातला टेप तिच्याही नकळत गुंडाळला जात होता.

"त्यांची गोळी वाढवू नका," सरासरीबाई हळूच म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः दाखवून या. याच आठवड्यात."

"अगं बाई," सून म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

मग सरासरीबाईंनी पिशवीतून जुन्या पानांच्या छायाप्रती काढल्या आणि म्हाताऱ्यापुढे ठेवल्या. आता कसे विचारायचे ते तिला कळले होते.

"काका, त्या कोरड्या वर्षी पट्टी कुठे होती?"

त्याने पान जवळ धरले, दूर धरले. सही पाहून त्याला बरे वाटलेले दिसले.

"पट्टी खांबाला ठोकलेली. पाणथळीच्या तोंडाशी. पाणी तिथून गेलं बघा. एका सकाळी गेलो तर खांब कोरड्यात उभा, एखाद्या पाहुण्यासारखा. आता लिहू काय? कोरडं लिहायला रकाना नव्हता. पाणी किती सेंटिमीटर, एवढंच विचारलेलं. आणि रिकामा रकाना गेला की वरून चिठ्ठी यायची, कारण कळवा. कारण काय कळवू? पाणी आज कामावर आलं नाही?"

"मग?"

"मग पट्टी पाण्याकडे नेली. वर वळणावर डोह होता, तिथं होतं पाणी. मेहुण्याला बोलावलं, खांब उपटला, दोघांनी खांद्यावर घेतला. वाटेत लोक विचारायचे, कुठं निघालात नदी घेऊन." तो हसला, हसताना त्याचा एक खांदा वर जात असे, अजून खांबाखाली असल्यासारखा. "पट्टीचा तळ जुन्या जागी गाळात गाडलेला, म्हणून तिथला शेवटचा आकडा एक्केचाळीस होता. डोहात खांब रोवताना मी मेहुण्याला म्हटलं, दाब, अजून दाब. पाणी एक्केचाळिसाला टेकलं तेव्हा थांबलो. कालच्या आकड्यानं आजच्याला ओळखलं पाहिजे ना."

तिने डोळे मिटले. कालच्या आकड्याने आजच्याला ओळखले होते, म्हणून तिच्या संगणकानेही काही विचारले नव्हते. मध्ये एक जरी उडी असती तर तो ओरडला असता.

"नदी परत आल्यावर?"

"परत आली ती लोंढा घेऊनच. मग खांब परत तिच्या जागी. कुणाला सांगायची गरजच पडली नाही." तो थांबला. "पण डोह तेव्हा बघायला हवा होता तुम्ही. सगळी पाणथळ तिथं येऊन राहिली होती. मासे इतके, की पाय ठेवायला भीती वाटायची. कासवं एकावर एक. काठाला लव्हाळ्याची एक पट्टी तेवढी हिरवी, आणि तीत पाणकोंबड्या घर भाड्यानं घेतल्यासारख्या. रोज सकाळी मी आकडा घ्यायचो आणि जरा वेळ बसायचो. वाटायचं, आज किती उरलंय ते यांनापण सांगावं."

मग त्याच्या लक्षात आले. इतका वेळ तो गोष्ट सांगत होता. आता त्याने तिच्याकडे पाहिले, पानांकडे पाहिले.

"माझं काही चुकलं का, बाई?"

पलीकडे मशीन सुरू झाले होते, ते थांबले.

"आकडे खरे आहेत, काका. जागा वेगळी होती, एवढंच. आणि ते विचारायला मी सहा वर्षं आले नाही."

"लांब पडत असेल," तो म्हणाला. तिची बाजू घेऊन.

*

दुपारी खोलीत येऊन तिने त्या वर्षीची उपग्रहाची चित्रे काढली. तिच्या चित्रांत डोह नव्हताच. पाणथळीचा सगळा पट्टा तपकिरी. मग तिने मूळ चित्रे उघडली, तिच्या हाताने स्वच्छ होण्याआधीची. वळणावर एक काळा ठिपका होता. एकच. दुसऱ्या चित्रात तिथेच. तिसऱ्यातही. कामाच्या पहिल्याच महिन्यात तिने संगणकाला एक ओळ लिहून दिली होती: एकटा ठिपका म्हणजे धूळ, पुसून टाक. संगणक सहा वर्षे इमानाने पुसत होता.

ती त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत बसली. म्हाताऱ्याला रिकामा रकाना सहन झाला नाही, तिला एकटा ठिपका. दोघांनीही कामच केले होते.

एक गोष्ट तपासायची उरली होती. हवामान केंद्रात उघड्यावर पाण्याचे एक रुंद पातेले ठेवलेले असते. त्यातले किती पाणी वाफ होऊन गेले ते रोज मोजतात. तिने त्या बासष्ट दिवसांचे पातेल्याचे आकडे मागवले. पातेले आणि डोह जवळजवळ एकाच चालीने उतरले होते, दिवसाला सहा मिलिमीटर. म्हातारा खरे बोलत होता. तिचे वाक्य खोटे होते.

बुधवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गोष्टी वेळेवर संपलेल्या आवडत. त्याने सगळे ऐकून घेतले, मधून मधून पेनचे टोपण काढले आणि लावले.

"म्हणजे त्या वर्षी नदी बासष्ट दिवस बंद होती."

"हो."

"आणि तरी पाणथळ परत आली. मग नदीच्या वरच्या अंगाचे लोक उद्या म्हणतील, खाली पाणी सोडूच नका, ती तशीही जगते."

"डोह असेल तर जगते. लोंढ्याबरोबर मासे, बी, गोगलगायी, सगळं डोहातूनच खाली आलं. डोह नसता तर परत यायला कुणी उरलंच नसतं."

"एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर?"

"आठवणीवर नाही. ठिपक्यावर आणि पातेल्यावर. म्हाताऱ्यानं फक्त कुठे बघायचं ते सांगितलं."

साहेबाने टोपण लावले. "बाई, सहा वर्षं झाली. प्रती गेल्यात. तुमची सही आहे. उद्या तुम्ही उठून सांगणार, माझंच वाक्य चूक?"

"दुसऱ्या कुणी सांगितलेलं बरं दिसेल का?"

"दिसण्याचं सोडा. पुढचं काम मग तुमच्याकडे राहील असं समजू नका."

तिला वाटले होते, हे ऐकून भीती वाटेल. वाटलीही. पण ती नवी नव्हती. फूटपट्टी ठेवली तेव्हापासून ती सोबत होती, आणि आता ओळखीची झाली होती.

"डोह बुजला की परत खणून मिळत नाही, साहेब," ती म्हणाली. "मला काम मिळेल दुसरं."

*

गुरुवारी भिंतीवर तो मोठा आलेख होता. कडा कापलेल्या. समितीत सात माणसे. तिने उठून त्या सरळ तुकड्यावर फूटपट्टी ठेवली, तशीच, आणि सगळे सांगितले: खांब, मेहुणा, ठिपका, पातेले. स्वतःची ती एक ओळही सांगितली. आवाज सरासरी राहिला. मेहुण्याच्या ठिकाणी दोघेतिघे हसले. ठिपक्याच्या ठिकाणी कुणी हसले नाही.

बांधाचा अभियंता शेवटी बोलला. त्याच्या बहिणीच्या घरात पुराचे पाणी शिरले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"डोह ठेवायचा. ठीक. मग पूर आला की तो कुठे ठेवायचा?"

"बांध डोहाच्या बाहेरून न्यावा लागेल. लांबी वाढेल, दोनशे-अडीचशे मीटर. त्यानं खालच्या गल्ल्या वाचतील का, ते मला आज सांगता येणार नाही. मोजावं लागेल."

"आज सांगता येणार नाही," अभियंत्याने वहीत लिहिले. मग मान वर केली. "हे बरं आहे. मागच्या वेळी तुम्हाला सगळंच सांगता येत होतं."

ठरले ते असे: काम खालच्या टोकाकडून सुरू करायचे, डोहाला वर्षभर हात लावायचा नाही, तोवर नवा अहवाल. नव्या अहवालावर तिचे नाव तिसरे असेल, आणि प्रमुखपद तिच्या हाताखालच्या माणसाकडे. साहेबाने हे बैठकीतच सांगितले, तिच्याकडे न बघता, पण आवाज न चढवता. तिने मान हलवली. जिन्यात नकाशे काढणारा भेटला.

"काय सरासरीबाई, कशा आहात?"

"आज सरासरीच्या जरा खाली," ती म्हणाली, आणि उतरत राहिली.

महिन्याभराने तिने मूळ नोंदी दुरुस्त करायला घेतल्या. हे काम अजून तिच्याकडेच होते; ते कुणाला नको होते. नदीच्या रकान्यातले बासष्ट आकडे तिने उचलले आणि शेजारी नवा रकाना करून त्यात ठेवले. रकान्याला नाव दिले, डोह. खाली मोजपट्टी वाचणाऱ्याचे नाव लिहिले, पूर्ण, कारण आजवर फाइलमध्ये ते कुठेच नव्हते. नदीच्या बाजूला आता बासष्ट घरे रिकामी होती. तिचा हात दोनदा तिकडे गेला. शून्य टाकावे, निदान एखादी खूण. मग तिने तो मागे घेतला आणि शेरा लिहिला: नदी इथवर आली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती.

"ताई, दाखवून आले हो मी. गोळी सुरू केलीय. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात."

"आणि काका?"

"त्यांना नवीन वही आणलीय. म्हणजे मला आणलीय त्यांनी. रेघा मारून दिल्यात, वर माझं नाव घातलंय. रोज आठ वाजता आधी त्यांचं, मग माझं." ती हसली. "आज त्यांच्या हाताला सूज होती, पट्टा बसेना. मी म्हटलं, माझंच लिहू का दोन्हीकडे? तर इतके रागावले."

"मग काय लिहिलं?"

"त्यांच्या रकान्यात काहीच नाही. रिकामं. पण बसलेत तिथंच, सारखे त्याच्याकडे बघत. जरा बोलता का त्यांच्याशी?"

"द्या," सरासरीबाई म्हणाल्या, आणि चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला, जणू बोलायला तो लागणार होता.